मार्क ट्वेन यांच्या मुंबईवर्णनातील अमेरिकेचा इतिहास

अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन (१८३५-१९१०) जानेवारी १८९६ मध्ये व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत आले होते. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या त्यांच्या प्रवासवर्णनातील मुंबईचा भाग बहुधा गमतीजमतींसाठी वाचला जातो. तथापि त्याचे खरे मोल एका छोट्या प्रसंगात आहे.

हॉटेलातील खोलीच्या दाराचे काम एक भारतीय नोकर गुडघे टेकून करीत असतो. काय चुकले हे न सांगताच एक धिप्पाड जर्मन प्रथम त्याच्या थोबाडीत मारतो, मग चूक दाखवतो. नोकर निमूटपणे सोसतो. हे पाहताच ट्वेन यांना पन्नास वर्षांपूर्वीचे मिसुरीतील बालपण आठवते. त्यांचे वडील सज्जन व न्यायी होते. तरीही घरच्या गुलाम मुलाला क्षुल्लक चुकांसाठी मारीत. दहाव्या वर्षी ट्वेन यांनी लोहखनिजाचा तुकडा डोक्यात बसून एक गुलाम मरताना पाहिला. गावाला ते रुचले नाही. पण त्याविषयी कोणी फारसे बोललेही नाही.

येथे विनोद मागे सरतो. क्रौर्य दुष्टांपुरते मर्यादित नसते. ते सज्जनांच्या सवयीत आणि गावाच्या मौनात वसते, हे या स्मरणातून उघड होते. १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, पण तिची आठवण जागी होण्यास मुंबईतील एक थप्पड लागली.

या दृष्टीला मर्यादाही आहे. याच ग्रंथात ट्वेन आपल्या भारतीय नोकराला ‘सैतान’ असे नवे नाव देतात आणि त्यावर विनोद करतात. माणसाचे नाव बदलण्याचा मालकी हक्क त्यांना खटकत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्येच ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला होता. फुले यांनी अमेरिकेच्या इतिहासात मुक्तीचा आदर्श पाहिला. ट्वेन यांनी त्याच इतिहासातील लज्जा मुंबईत ओळखली. मात्र येथील दास्याला जातिव्यवस्थेचा आधार आहे, हे फुले यांनी जसे मांडले तसे ट्वेन यांच्या या प्रसंगात येत नाही. म्हणून हे दोन ग्रंथ एकत्र वाचणे आवश्यक ठरते.

मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले धारूर तालुक्यातील वर्गांत बसतात. मालकाचा हात आणि गावाचे मौन हे त्यांच्यासाठी केवळ परक्या देशाच्या इतिहासाचे विषय नाहीत. अध्यापनात या उताऱ्याला स्थान मिळावे ते याच कारणाने.