मोडीचे वळण आणि तळाची निशाणी

जुन्या हस्तलिखित कागदांच्या सौंदर्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा कारकुनाच्या वळणाविषयी असते. मालवण किनाऱ्यावरील जुन्या घरांतून रुमालात बांधून ठेवलेली मोडी दप्तरे पाहताना आम्हांसही प्रथम मोह पडला तो वळणाचाच. आधी कागदभर आडवी रेघ ओढावयाची, मग तिच्याखाली अक्षरे टांगीत जावयाचे, ही मोडीची रीत. बोरू शक्यतो उचलावयाचा नाही. इकार-उकारांत ऱ्हस्वदीर्घ पाहावयाचे नाही. या साऱ्या घाईच्या सोयी. परंतु त्यांतूनच ओळीला भरतीच्या पाण्याची सलग गती येते. चिटणीसी, बिवलकरी ही वळणांची नावे जाणकार आजही आदराने घेतात. १८१२ साली मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेले, तरी दप्तरातील मोडी गेली नाही.

तथापि केवळ या गतीवर लुब्ध होणारी रसिकता आम्हांस अपुरी वाटते. महजर वाचीत कागदाच्या तळाशी यावे. तेथे साक्षीदारांच्या निशाण्या असतात : कुणब्याचा नांगर, स्त्रीची बांगडी. शिवेच्या तंट्यात महार वतनदाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण शीव त्याच्या पायाखालची. पण आपले बोलणे कागदावर कसे उतरले, हे त्याला वाचता येत नसे. वर बोरू धावतो. खाली नांगराचा फाळ काढता काढता हात थबकतो, शाई साचून ठिपका होतो. आमच्या मते कागदातील सर्वांत बोलकी जागा हीच. (काही निशाण्या मजकुराइतक्याच सफाईच्या दिसतात. त्या कारकुनानेच काढून दिल्या असाव्यात. मग तो साक्षीदार बोटापुरताही कागदावर आला नाही, असे समजावे लागते.)

ब्रह्मगिरीच्या अशोकलेखाच्या शेवटी चपड नावाच्या लिपिकाराने स्वतःचा उल्लेख केला आहे. त्याचे नाव त्याच्याच हातचे. निशाणी करणाऱ्याचे नाव मात्र दुसऱ्याने लिहिलेले. त्याची स्वतःची अशी ती वाकडी रेघच. आणि छापील साधनखंडांत ‘निशाणी नांगर’ एवढे दोन शब्द येतात, रेघ गळून जाते. पाठ शुद्ध ठेवण्यासाठी पराकाष्ठा करणाऱ्या संपादकांना ही गळती खटकू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

कोकणच्या दमट हवेत वाळवी आणि कसर कागदाच्या कडा आधी धरतात, आणि निशाण्या तर कडेलाच असतात. दप्तरांची छायाचित्रे घेणाऱ्यांनी निदान खालची कड चौकटीबाहेर सोडू नये.