ससा, कासव आणि पाकशास्त्राची पुस्तके

घरोघरी भाजणीचा वास दरवळत असताना सशाच्या मांसाविषयी लिहावयाचे, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या पाटाशेजारी कोयता नेऊन ठेवण्यासारखे आहे, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरांत मांसाहार चालतो त्यांतील कित्येक घरांत फराळाचे डबे तळाला लागण्यापूर्वीच कोणीतरी हळूच विचारते, "रविवारी मटणाचे काय?" तेव्हा विषय अगदीच अप्रासंगिक नव्हे. शिवाय मला येथे मांसापेक्षा पुस्तकांविषयी बोलावयाचे आहे. पाकशास्त्राच्या पुस्तकाचे परीक्षण कोणत्या कसोटीवर करावे, हा माझा प्रश्न आहे. आणि ती कसोटी आपल्या नेहमीच्या ताटात नसलेल्या मांसात सापडते, असे माझे म्हणणे आहे.

वांग्याच्या भाजीची कृती वाचताना वाचकच लेखकाच्या मदतीला धावतो. लेखिकेने "वांगी चिरून घ्यावीत" एवढेच लिहिले तरी ती पाण्यात टाकावयाची, नाहीतर काळी पडतात, हे घरच्या बाईला ठाऊक असते. लेखनातील उणीव वाचकाचा अनुभव भरून काढतो आणि पुस्तक चांगले ठरते. सशाच्या बाबतीत ही सोय नाही. तेथे लेखकाला जनावर कोठून आणावे, कसे साफ करावे, कोठे कापावे, किती शिजवावे हे सारे सांगावे लागते. ज्याने स्वतः केले आहे तो सांगतो; ज्याने नुसते ऐकले आहे तो "नेहमीप्रमाणे करावे" असे लिहून मोकळा होतो. शाळेत निबंध तपासणाऱ्या माणसाला ही पळवाट चांगलीच ओळखीची असते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. असले मांस आपल्याकडे कोणी खात नव्हते आणि ही सारी परकीयांची खोड आहे, असे समजणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. त्यांनी वाल्मीकि-रामायणाचे किष्किंधाकांड उघडावे. बाणाने घायाळ झालेला वाली रामाला जाब विचारताना म्हणतो की, पाच नखांच्या प्राण्यांपैकी पाचच भक्ष्य आहेत आणि वानर त्यांत येत नाही. मग मला मारून तुला काय मिळाले? त्या पाचांत साळिंदरासारखे काटेरी प्राणी आहेत, घोरपड आहे, ससा आहे आणि कासवही आहे. पतंजलीच्या महाभाष्यात हाच नियम उदाहरण म्हणून येतो. पहिलीतल्या मुलाला शर्यतीच्या गोष्टीतून ठाऊक असलेले दोन्ही गडी शास्त्राने असे एका पंक्तीत बसवून ठेवले आहेत! आज सशाचे नाव काढताच आपला जीव चुकचुकतो, याला धर्मापेक्षा बालवाङ्मय अधिक कारण असावे. सिंहाला विहिरीत उडी घ्यावयास लावणारा पंचतंत्रातला ससा ज्याने लहानपणी ऐकला, त्याला तो पातेल्यात बघवत नाही. ही भावना मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. मात्र तिला परंपरेचे नाव देऊ नये.

आता ग्रंथांकडे वळू. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर ११२६ ते ११३८ या काळात राज्य करीत होता. त्याच्या नावावरील 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात 'अन्नभोग' म्हणून एक प्रकरण आहे; बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादिलेला हा ग्रंथ छापून निघालेला आहे. त्यात डुकराच्या अंगावर पांढरे वस्त्र पसरून वरून उकळते पाणी ओतावे व केस सैल झाले की काढावेत, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर भाजावे, असे सांगितले आहे. शेतातले व नदीकाठचे काळे उंदीर तापल्या तेलात धरून त्यांचे केस काढावयाचे, मग गरम पाण्याने धुवावयाचे. कासव भाजून त्याचे पाय व कवच काढावयाचे आणि मांस मऊ होईपर्यंत शिजवावयाचे, असा सगळा क्रम तेथे आहे. वाचताना कोणाला शिसारी येईल, पण परीक्षक म्हणून मला या लेखनाला मान द्यावासा वाटतो. येथे कृती पातेल्यापासून सुरू होत नाही, जनावरापासून सुरू होते. उणीव आहे ती निराळी. हा राजाच्या भोगांचा ग्रंथ आहे. ज्याच्या घरी उंदीर हा भोग नसून भुकेवरचा उपाय होता, त्याची चूल या ग्रंथात पेटत नाही.

दुसरे उदाहरण इंग्रजी पुस्तकाचे. हॅना ग्लास नावाच्या बाईचे पाकशास्त्राचे पुस्तक १७४७ साली लंडनमध्ये निघाले आणि पुढे कित्येक वर्षे घरोघरी वापरले गेले. सशाच्या कृतीच्या आरंभी 'आधी ससा पकडा' असे तिने लिहिल्याचा विनोद इंग्रजांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. वास्तविक असे वाक्य तिच्या पुस्तकात नाही. तिने फक्त कातडे काढलेला ससा घ्यावा, एवढेच म्हटले आहे. पण लोकांनी तिच्या तोंडी घातलेला हा विनोद मला मोठा मार्मिक वाटतो. पाकशास्त्राचे पुस्तक जिथून सुरू होते त्याच्या आधी पुष्कळ काही घडलेले असते, हे सामान्य वाचकाने त्या थट्टेतून नेमके हेरले आहे.

इंग्रजी पुस्तकांवरून मराठीत कृती उतरवताना एक घोटाळा हमखास होऊ शकतो. त्या भाषेत 'हेअर' आणि 'रॅबिट' असे दोन प्राणी आहेत; आपल्याकडे दोघांनाही ससाच म्हणतात. आपल्या माळरानावरचा ससा हा 'हेअर'. तो बीळ करीत नाही, गवतातच दबून राहतो आणि त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मतात. त्याचे मांस काळसर आणि उग्र. पिंजऱ्यात पाळतात तो ससा युरोपातल्या 'रॅबिट'च्या वंशातला; त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात आणि मांस कोंबडीसारखे फिके असते. इंग्रजांकडे रानसशाचे तुकडे बंद भांड्यात घालून ते भांडे उकळत्या पाण्यात तासन् तास ठेवतात आणि रश्शात शेवटी त्याचेच रक्त मिसळतात. एका 'ससा' शब्दावर विसंबून ही कृती पाळीव सशाला लावली तर मांसाचा चोथा होईल. भाषांतरकाराला शब्दकोश पुरत नाही, त्याला चुलीपाशी बसावे लागते, ते असे.

मराठीत या कसोटीला पुरे उतरलेले पुस्तक म्हणून मी शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'चे नाव घेईन. हे २०१५ साली निघाले आणि २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही प्रसिद्ध झाले. मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या घरांतले अन्न हा त्याचा विषय आहे. रक्ती कशी करतात, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या कशा करून ठेवतात, हे त्यात आहे. आणि ज्या मांसाचे नाव निघताच पंक्ती उठतात, त्या गाईबैलांच्या मांसाविषयीही त्यात आडपडदा नाही. पुस्तकाच्या नावातच, जेवणापूर्वी आपण जे म्हणतो त्याला एक 'अ' जोडलेला आहे, आणि त्या एका अक्षरात सारी तक्रार मावली आहे. ब्रह्म पूर्ण म्हणावयाचे आणि निम्म्या गावाचे ताट त्यातून वगळावयाचे, हे कसे?

या पुस्तकाला 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून गौरवण्याची एक पद्धत आहे. गौरव योग्यच आहे. पण त्यात एक धोका मला दिसतो. दस्तऐवज कपाटात राहतो, पाककृती घरात राहते. चान्या ही साठवणीची विद्या आहे. आपण आंबोशी वाळवतो, कोकणात सुकट वाळवतात, तीच बुद्धी येथेही आहे. पाटोळ्यांचे पुस्तक प्रथम स्वयंपाकाचे पुस्तक म्हणून वाचावे. म्हणजे आजवरच्या इतर पुस्तकांनी 'महाराष्ट्रीय' म्हणताना किती घरांना वगळले, हे आपोआप कळेल.

येथे कायद्याचा प्रश्न उपस्थित होईल आणि तो टाळण्याजोगा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला ससा, घोरपड, तितर यांना संरक्षण आहे; त्यांची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. माळराने उरली आहेत किती! गाईच्या कत्तलीवर महाराष्ट्रात बंदी होतीच. २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही ती आली. तेव्हा यांतील काही कृती आज करता येणार नाहीत. पण कायदा पातेल्यावर चालतो, आठवणीवर चालत नाही. जी गोष्ट करता येत नाही तिची नोंद ठेवणे अधिकच निकडीचे होते, कारण ती पुन्हा करून पाहून शिकण्याची वाट बंद झालेली असते.

मग चांगली कृती कशी लिहावी? नुसती टीका करून थांबू नये म्हणून पाळीव सशापुरता नमुना देतो. साफ केलेला सव्वा किलोचा ससा घ्यावा. त्याची हाडे बारीक व ठिसूळ असतात. कोयत्याने तोडल्यास त्यांच्या काड्या होतात आणि मुलांच्या घशाला त्या धोक्याच्या, म्हणून सुरीने सांध्यांवरच कापावा. मागच्या दोन तंगड्या, पुढच्या दोन आणि पाठीचे तीन तुकडे होतात. मीठ, हळद, आले-लसूण आणि अर्धी वाटी दही लावून दोन तास ठेवावा. या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून कोंबडीपेक्षा तेल थोडे सढळ हाताने घ्यावे. कांदा तांबूस झाला की तंगड्या आधी घालाव्यात, पाठीचे तुकडे अर्ध्या तासाने. कारण पाठ लवकर शिजते आणि लवकरच कोरडी पडते. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवावे आणि तेच कढत पाणी लागेल तसे आत घालावे. भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे व खसखशीचे वाटण शेवटी घालावे. मांस हाडापासून सुटू लागले की झाले. सोसत नसेल त्याने हा परिच्छेद सोडून द्यावा. पण प्रत्येक सूचनेला येथे कारण जोडलेले आहे, एवढे मात्र पाहावे.

आपल्याच घरांतील रक्ती, वजडी, खूर, चुलीत भाजलेली मुंडी यांच्या कृती आज ज्या हातांत आहेत ते हात थकत चालले आहेत. पाहुण्यांसमोर या पदार्थांची नावे घ्यावयास सुनांना संकोच वाटतो आणि पुस्तकांनी तो संकोच आजवर वाढवलाच आहे. भाऊबीजेला आत्या, मावशी, आजी एकत्र जमतील. त्यांच्याजवळ वही घेऊन बसावे आणि "नेहमीप्रमाणे करायचे गं" असे त्या म्हणाल्या की तेथेच त्यांना थांबवून विचारावे, नेहमीप्रमाणे म्हणजे कसे?