कुळाचे मोल, बाईचा जीव

जॉन वेब्स्टरचे 'द डचेस ऑफ माल्फी' (१६१३-१४) सूडनाट्य म्हणून शिकवले जाते. पण सूड कशाचा? विधवा डचेसने आपल्या कारभाऱ्याशी, अँटोनिओशी, गुपचूप लग्न केले, एवढाच तिचा अपराध. तिच्या जिवावर उठलेले दोघे सख्खे भाऊच: एक ड्यूक, दुसरा कार्डिनल. कुळ आणि धर्म एकाच घरात नांदतात, आणि येथे त्यांचे एकमत होते.

कथा इटलीची, प्रेक्षक मात्र लंडनचे. त्यांच्या राजाने, पहिल्या जेम्सने, १६११ साली 'बॅरोनेट' हा वंशपरंपरागत किताब १०९५ पौंडांना विकायला काढला. त्याच राजाची चुलत बहीण आर्बेला स्टुअर्ट हिने १६१० साली परवानगीवाचून विल्यम सेमोरशी लग्न केले. दोघेही राजवंशातले, म्हणून गादीचे भय. १६१५ साली ती टॉवरच्या कैदेत मेली. पुरुषाला प्रतिष्ठा विकत मिळत होती. बाईला जोडीदार निवडण्याचीही मुभा नव्हती.

शेवटी वेब्स्टर अँटोनिओच्या मुलाला आईच्या हक्काने पुढे आणतो. भावांच्या रक्ताभिमानाला दिलेले हे उत्तर खरेच; पण ते आईच्या प्रेतावरून चालत येते, हे समीक्षकांनी विसरू नये.