इंग्रजी भविष्यकाळ : एका कोष्टकाची चिकित्सा

इंग्रजीत भविष्यकाळ आहे काय, हा प्रश्न आपल्याकडील अनेक शालेय व्याकरणांनी कधी उपस्थितच केला नाही. भूत व वर्तमान यांच्या शेजारी तिसरा रकाना आखावा, त्यात प्रथम पुरुषासमोर 'शॅल' आणि इतरांसमोर 'विल' लिहावे, व 'जाईन, जाशील, जाईल' ही मराठी रूपे जोडून द्यावीत, अशी प्रथा पडली. या कोष्टकाने अभ्यासकाची जी दिशाभूल केली, तिचा विचार येथे कर्तव्य आहे.

पुरुषभेदाचा हा नियम गणितज्ञ जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात सांगितला. परंतु 'विल' हे मूळचे इच्छेचे व 'शॅल' हे देण्याचे, अर्थात कर्तव्याचे वाचक होय. इंग्रजी क्रियापद स्वतः रूप पालटते ते केवळ वर्तमान व भूत यांसाठी. म्हणूनच येस्पर्सन याने १९३३ च्या आपल्या संक्षिप्त व्याकरणात इंग्रजीला दोनच काळ मानले. हे मत सर्वमान्य नसले, तरी त्यामागील आधार नाकारता येत नाही.

भावी गोष्टीकडे वक्ता कोणत्या दृष्टीने पाहतो, हे इंग्रजी रूपांवरून कळते. 'इट विल रेन' हे अनुमान. आकाश भरून आलेले पाहून म्हटलेले 'इट इज गोइंग टु रेन' हे समोरच्या चिन्हांवर आधारलेले भाकीत. 'आय अ‍ॅम मीटिंग हिम टुमॉरो' यात भेट ठरून गेलेली आहे. 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स' यात वेळापत्रक बोलते. कोष्टकात यांपैकी पहिल्यासच स्थान आहे.

खेदाची गोष्ट ही की, हा भेद मराठी विद्यार्थ्यास परका नाही. 'पाऊस पडेल' व 'पाऊस पडणार' यांतील अंतर तो जाणतो. 'गाडी उद्या सहाला सुटते' असेही तो सहज म्हणतो. 'मी येणार होतो' या वाक्यातील फसलेला बेत 'विल'ने मुळीच व्यक्त होत नाही. तेथे 'वॉज गोइंग टु' हेच रूप हवे. कोष्टकाने मात्र ईलाख्यात तेवढे घेतले आणि '-णार' वगळले.

अर्थात दोन्ही भाषांची जुळणी सर्वत्र साधत नाही. 'थांब, मी आणतो' या तत्क्षणीच्या निश्चयास मराठीत वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत 'विल'च लागते. '-णार' हे रूपही बेत व भाकीत दोन्ही सांगते. म्हणून मराठी रूप हे इंग्रजी रूपाचे प्रतिशब्द म्हणून न देता, वक्त्याचा हेतू ओळखण्याचे साधन म्हणून द्यावे. तसे न केल्यास, वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही वचन, बेत आणि अंदाज यांची अदलाबदल होते. आणि ऐकणारा त्याच अर्थावर विसंबून राहतो.