‘रविवर्म्याची बाई’ आणि माझी चुकलेली स्लाइड

अमडापूरच्या आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक तसबीर आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, चेहऱ्यावर खालून पडलेला उजेड. घरात सगळे तिला ‘रविवर्म्याची बाई’ म्हणतात. प्रकाशाच्या विकिरणावरच्या सेमिनारमध्ये मी हेच चित्र दाखवलं आणि खाली ‘राजा रविवर्मा’ लिहून मोकळी झाले. एका ज्युनिअरने विचारलं, “ताई, संदर्भ?” माझ्याकडे नव्हता.

तपासायला दहा मिनिटं पुरली. रविवर्मा १९०६ मध्येच गेले. चित्र १९४५-४६ चं. चित्रकार सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. आणि दिवा धरलेली ती त्यांची मुलगी गीता, म्हणजे नंतरच्या गीता उपळेकर. वयाची शंभरी ओलांडून २०१८ मध्ये त्या कोल्हापुरात वारल्या.

तुम्ही म्हणाल, नाव बदलल्याने चित्र थोडंच बदलतं? बदलतं. रविवर्मा म्हटलं की आपण देवी किंवा पुराणातली नायिका शोधतो, चेहऱ्यावरच थांबतो. आता आडोशाचा हात बघा. बोटं तांबूस उजळली आहेत. रक्त निळा-हिरवा प्रकाश जास्त शोषतं, लाल त्यामानाने आरपार येतो. मोबाइलचा टॉर्च बोटामागे धरून खात्री करा. हे हळदणकरांनी सूत्रातून काढलेलं नाही, समोरचा खरा हात बघून टिपलंय. तेही जलरंगात, जिथे उजेड मुख्यतः कागदाच्या कोरेपणातून येतो आणि एकदा गडद झालेली जागा सहज परत मिळत नाही. माझ्या मते चित्राचा खरा विषय हा हातच.

म्हणून ‘ग्लो ऑफ होप’ हे नाव मला जरा जड वाटतं. चित्रात ‘आशा’ वगैरे नाही. एक मुलगी आहे, दिवा विझू नये म्हणून जपणारी. तेवढं पुरेसं आहे.

आपल्यासाठी धडा साधा आहे. सगळे म्हणतात, हा संदर्भ होत नाही. आधी तारीख जुळवा, मग माध्यम, मग नाव. आणि ज्याच्यामुळे निरीक्षण शक्य झालं, त्याचं नावही लिहा. मी स्लाइडवर आता दोन नावं लिहिते.

आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, “म्हणजे बापाने लेकीलाच उभं केलं होतं होय! थांब, चष्मा लावून बघते.”