न पाहिलेले श्रम : कोळसाखाणीच्या वस्तीतील कुटुंबस्मृती आणि कागलचे आत्मकथन

१

मराठीतील आत्मकथनपर वाङ्मयाची चिकित्सा करताना समीक्षक सामान्यतः दोन निकष लावतात. सांगितलेले जीवन अस्सल आहे काय, हा पहिला. आणि ते ज्या बोलीत सांगितले आहे ती बोली त्या जीवनाची आहे काय, हा दुसरा. या दोहोंच्या आधी येणारा एक प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या कामाविषयी निवेदक जे सांगतो, ते त्याला कळले कसे? ते त्याने डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले, की घरात आलेल्या खुणांवरून ताडले? श्रमजीवी कुटुंबाचा इतिहास हा बव्हंशी त्याच्या श्रमांचा इतिहास असतो. म्हणून या प्रश्नाच्या उत्तरावर आठवणींची शब्दकळा, त्यांचा घाट आणि त्यांतून नातेवाइकांविषयी दिला जाणारा निवाडा, ही तिन्ही अवलंबून असतात.

या प्रश्नाची निकड सर्वांत तीव्रतेने जाणवते ती कोळसाखाणीच्या वस्तीत. कारण तेथे कर्त्या माणसाचे काम जमिनीच्या पोटात चालते आणि घराला ते दिसत नाही. याच्या नेमके उलट टोक म्हणजे कागलचे शेतकरी कुटुंब. तेथे मूल बापाचे काम पाहते, एवढेच नव्हे, तर स्वतः ते करते. पण आज त्याच कागलच्या परिसरात पंचतारांकित औद्योगिक वसाहत उभी आहे आणि तेथील मुलालाही बापाचे काम दिसेनासे झाले आहे. खाणीच्या वस्तीतील स्मृती आणि कागलची स्मृती यांची तुलना येथे करावयाची, ती या कारणासाठी.

२

आनंद यादव (१९३५-२०१६) यांचा जन्म कागलचा. त्यांचे 'झोंबी' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले व त्यास १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शाळेत जाऊ इच्छिणारा मुलगा आणि त्याला शेतीच्या कामाला जुंपणारा बाप यांचा संघर्ष हा या ग्रंथाचा विषय सर्वपरिचित आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट महत्त्वाची. निवेदकाला घरातील कामाचे ज्ञान ऐकून झालेले नाही. पिकांना पाणी पाजणे, गुरे राखणे, ऊस तुटला की गुऱ्हाळाच्या धांदलीत सापडणे, हे सारे त्याच्या अंगावरून गेलेले आहे. म्हणून दारे धरणे, वाफा, पाट, चुलवाण, काहील या जातीचे शब्द अशा निवेदनात आले, की त्यांना अर्थाची जोड द्यावी लागत नाही. कृतीच अर्थ सांगते. शाळेत ऐकलेली कविता तो पाणी पाजताना मोठ्याने म्हणतो आणि स्वतःला सुचलेल्या ओळी कागद नसला तर म्हशीच्या पाठीवर काडीने लिहितो. श्रम आणि भाषा यांत येथे अंतरच उरलेले नाही.

बापाविषयीचा निवाडाही याच प्रत्यक्षतेतून येतो. रानात कोण राबतो आणि गावात कोण हिंडतो, हे मुलाला दिसत असते. ऊस अजून भरायचा असताना चढ्या भावासाठी गुऱ्हाळ सर्वांच्या आधी लावण्याचा बापाचा हिशेबही तो जवळून पाहतो. त्याची तक्रार पुराव्यानिशी केलेली तक्रार आहे. या बापाला मुलगा 'दादा' म्हणतो. प्रमाण मराठीत हा शब्द थोरल्या भावाचा. एकत्र कुटुंबात धाकटी भावंडे ज्या नावाने हाक मारतात, तेच नाव मूल उचलते आणि एका पिढीचा शब्द दुसऱ्या पिढीच्या नात्यावर जाऊन बसतो. अशा संबोधनात एका नांदत्या घराचा इतिहास साठलेला असतो.

यादवांच्याच 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत नारबा हा शेतगडी आपली कहाणी अथपासून इतिपर्यंत बोलीत सांगतो. ट्रॅक्टर येतो आणि ज्यांना त्याने गोत मानले ती जनावरे एकामागून एक जातात. संपूर्ण निवेदन बोलीत पेलू शकले, याचे श्रेय लेखकाच्या कसबाला आहेच. परंतु त्या कामातील कोणतीही गोष्ट बोलणाऱ्याच्या नजरेबाहेर नाही, ही वस्तुस्थितीही त्यास कारण आहे.

३

आता खाणीच्या वस्तीतील एका प्रसिद्ध उदाहरणाकडे वळावे. डी. एच. लॉरेन्स (१८८५-१९३०) हा इंग्लंडमधील ईस्टवुड या खाणगावात जन्मला; त्याचे वडील कोळसाखाणीत काम करीत. १९१३ साली प्रसिद्ध झालेली 'सन्स अँड लव्हर्स' ही कादंबरी असली, तरी तिची चौकट त्याच्या स्वतःच्या घराची आहे. वॉल्टर मोरेल या खाणकामगाराचे काम त्याच्या मुलांना कशातून कळते, याची नोंद केली असता पुढील गोष्टी हाती लागतात : चुलीपुढे धुतले जाणारे काळे अंग, खाणीतल्या तट्टाच्या आणि उंदराच्या त्याने रंगवून सांगितलेल्या गोष्टी, शुक्रवारी कंपनीच्या कचेरीतून आणावयाचे पैसे, आणि अपघात झाला की दारात येणारा निरोप. काम स्वतः घरात येत नाही. त्याचा मळ, मोबदला आणि इजा घरात येतात.

प्रत्यक्ष खाणीतील दृश्य या कादंबरीत अगदी थोडे आहे. पॉलच्या जन्माच्या दिवशी मोरेल हट्टाने एका खडकावर घाव घालीत राहतो, असा एक प्रसंग आहे. हा प्रसंग मुलाच्या स्मृतीत असणे शक्यच नाही. कादंबरीकाराने तो पुरविला आहे. कादंबरीकाराला जे स्वातंत्र्य आहे, ते आत्मकथनकाराला नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

बापाचा राग या घरात आपल्या कारणाला खाणीतच सोडून येतो. मुलांना राग दिसतो, कारण दिसत नाही. म्हणून सहानुभूती आईकडे जाते आणि बापाची बोलीदेखील, आईच्या सुसंस्कृत इंग्रजीपुढे, हीनपणाची खूण ठरते. याला एकच ठळक अपवाद आहे. मोरेल घरी बसून गवताच्या पोकळ काड्यांत दारू भरून सुरुंगाच्या वाती तयार करतो, तेव्हा मुले त्याच्याभोवती जमतात, त्याला मदत करतात आणि तो पुन्हा त्या घरातला होतो. कामाचा एवढासा तुकडा दृष्टीस पडताच बाप आणि मुले यांच्यातील दुरावा काही काळ मिटतो. विल्यमच्या मृत्यूची वार्ता सांगण्यासाठी पॉल खाणीच्या तोंडाशी जाऊन बाप वर येण्याची वाट पाहतो, तो प्रसंगही असाच. खाणीचे तोंड ही घराची सीमा आहे, हे त्या वाट पाहण्यात जितके कळते तितके कोणत्याही वर्णनाने कळले नसते.

'झोंबी'तील बाप आणि मोरेल हे दोघेही मुलांच्या दृष्टीने कठोर आहेत. परंतु एकाविषयीचा निवाडा पाहिलेल्यावर आधारलेला आहे आणि दुसऱ्याविषयीचा न पाहिलेल्यावर. या दोन कृतींना 'अस्सल' हे एकच विशेषण लावून समीक्षा थांबते, तेव्हा हा मूलभूत भेद तिच्या हातून निसटतो.

४

मराठी प्रदेशात कोळसाखाणीच्या वस्तीला शतकाहून अधिक वय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेली वरोऱ्याची सरकारी खाण १९०६ साली बंद पडली आणि पुढे बल्लारपूर, चंद्रपूर, वणी, कामठी, उमरेड या भागांत खाणी वाढल्या. १९७३ साली कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले व १९७५ पासून या खाणी नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहेत. तरीही मराठी आत्मकथनांची नावे घेताना खाणकामगाराच्या घराचे नाव सहसा पुढे येत नाही. या स्मृतींचा विचार करताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट स्त्रियांची. भारतीय खाणीत भूमिगत काम प्रारंभापासून केवळ पुरुषांचे नव्हते. नवरा कोळसा तोडी आणि बायको तो वाहून नेई, अशी जोडीने काम करण्याची रीत होती. १९२९ च्या नियमांनी स्त्रियांना भूमिगत कामातून हळूहळू कमी करण्याचे ठरले. ज्या प्रांतांना ही सवलतीची मुदत मिळाली, त्यांत मध्यप्रांतही होता. १९३७ मध्ये पूर्ण बंदी आली, युद्धकाळात १९४३ मध्ये ती उठविण्यात आली आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. याचा स्मृतीच्या दृष्टीने अर्थ असा, की जुन्या खाणकामगार कुटुंबात आजीला खाणीचा अंधार ठाऊक असू शकतो आणि सुनेला नसतो. खाणीतील श्रम घराला न दिसणे ही निसर्गसिद्ध गोष्ट नसून तिला इतिहास आहे. बंदी आवश्यक होती, याविषयी दुमत नसावे. परंतु तिच्यामुळे घरातील अर्ध्या माणसांच्या तोंडून खाणीच्या आतील शब्दांचा अधिकार गेला, ही भाषिक घटनाही तितकीच खरी आहे.

दुसरी गोष्ट नात्यांच्या शब्दांची. या खोऱ्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी बोलणारी कुटुंबे एकाच वसाहतीत नांदतात. मराठी घरातला 'दादा' थोरला भाऊ असतो, तर शेजारच्या हिंदी घरातला 'दादा' आजोबा. अंगणात मारलेल्या एका हाकेला दोन पिढ्यांची माणसे वळावीत, अशी ही स्थिती. त्यातच कचेरीच्या भाषेने नात्यांची आणखी एक मांडणी केली. राष्ट्रीय कोळसा वेतन करारांत, सेवेत असताना मरण पावलेल्या कामगाराच्या आश्रितास नोकरी देण्याची तरतूद आली. तिच्यात प्रथम पत्नी किंवा पती, मुलगा, दत्तक मुलगा व अविवाहित मुलगी. त्यांच्या अभावी भाऊ, विधवा मुलगी, विधवा सून आणि कामगाराच्या घरी राहून त्याच्यावरच अवलंबून असणारा जावई, असा क्रम होता. 'घरजावई' या शब्दात लोकव्यवहाराने जो उपहास भरला होता, त्याच्या जागी येथे हक्क आला. 'आश्रित' या शब्दाला मराठीत दैन्याची छटा आहे. तोही येथे अधिकारवाचक झाला. खाणीच्या वस्तीतील वंशवृक्ष कुलोपाध्यायाच्या वहीपेक्षा सेवापुस्तकात अधिक नेटकेपणाने सापडावा, यात आश्चर्य नाही.

तिसरी गोष्ट कालगणनेची. १० डिसेंबर १९५४ रोजी नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मृत्युमुखी पडले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथे अशाच जलप्रलयात पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. अशा दिवशी सगळी वस्ती खाणीच्या तोंडाशी जमते. घर आणि कामाची जागा यांची समोरासमोर भेट होते ती अशा वेळी, आणि म्हणून कुटुंबातील जन्म, लग्ने व स्थलांतरे त्या दिवसाच्या आधीची की नंतरची, अशी सांगितली जातात. जे काम रोज दिसत नाही, ते अपघातानेच काळावर खूण करते.

५

वर्धा खोऱ्यातील खाणवस्ती आणि कागल यांच्यात शेकडो मैलांचे अंतर असले, तरी कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगाने त्यांना एका सूत्रात आणले आहे. क्युपोला भट्टीत लोखंड वितळविण्यासाठी लागणारा हार्ड कोक खाणीतल्या कोळशाचाच होतो. आता पुष्कळ ठिकाणी विजेच्या भट्ट्या आल्या आहेत; पण विजेमागेही बहुतांशी कोळसाच आहे. वितळलेल्या लोखंडाला मराठीत रसच म्हणतात. ज्या परिसरात उसाचा रस काहिलीत आटत होता, तेथे लोखंडाचा रस साच्यात ओतला जाऊ लागला. शब्द तोच राहिला, परंतु तो पाहणारे मूल बदलले. गुऱ्हाळावर मूल असे. भट्टीजवळ ते असू शकत नाही, आणि असूही नये.

कागल-हातकणंगले औद्योगिक क्षेत्रात ओतकाम, अभियांत्रिकी, कापड असे अनेक उद्योग आहेत. 'पंचतारांकित' हे विशेषण हॉटेलांच्या प्रतवारीतून आलेले. त्यात सुविधांची ग्वाही आहे, जमिनीची आठवण नाही. पूर्वी प्रत्येक रानाला त्याच्या मातीवरून, झाडावरून किंवा विहिरीवरून नाव असे. वसाहतीत भूखंडाला अक्षर आणि अंक असतो. फाटकाच्या आत गेलेल्या बापाचे काम मुलाला दिसत नाही; त्याला दिसतात गणवेश, ओळखपत्र, पाळीचे बदलणारे तास आणि महिनाअखेरचा ओव्हरटाइमचा हिशेब. मोरेलच्या मुलांना जे मिळत होते, त्याच जातीचे हे आहे. रात्रपाळी करून दिवसा झोपलेल्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून हळू बोलणारे घर, हे खाणीच्या वस्तीतही आहे आणि कागलच्या आसपासच्या गावांतही आहे.

वर्धा खोऱ्यात खाणीसाठी जमीन देणाऱ्या कुटुंबाला दोन एकरांमागे एक नोकरी, असे कोल इंडियाचे धोरण आहे. तेथे जमीन नात्याने नोकरीशी जोडलेली राहते आणि 'आमच्या रानाची नोकरी' अशा अर्थाने तिचा उल्लेख करता येतो. औद्योगिक वसाहतीत जमीन मोबदल्याच्या रकमेत रूपांतरित होते व रक्कम खर्चून जाते. त्यामुळे कागलच्या पुढील पिढीची कुटुंबस्मृती खाणीच्या वस्तीपेक्षाही अधिक खुणाहीन होण्याचा धोका आहे.

६

यावरून समीक्षेसाठी एक निष्कर्ष निघतो. पाहिलेल्या श्रमांचे वर्णन अस्सल आणि ऐकीव श्रमांचे वर्णन उणे, हा निकष 'झोंबी'सारख्या ग्रंथांवर पोसलेला आहे. तो खाणकामगाराच्या मुलाला लावला, तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : न पाहिलेले पाहिल्यासारखे रंगविणे, किंवा गप्प बसणे. वास्तविक त्याचे न पाहणे हाच त्याचा अनुभव आहे. बापाच्या कामातले कोणते शब्द घरात आले, कोणते उंबऱ्याबाहेर राहिले आणि आलेल्या शब्दांचे अर्थ घराने काय लावले, हे प्रामाणिकपणे सांगणारे आत्मकथन ऐकीव असूनही अस्सलच ठरेल. अशा ग्रंथाची परीक्षा त्याच्या वर्णनाच्या बारकाव्यावरून करावयाची नसून, निवेदक आपल्या अज्ञानाची सीमा कोठे आखतो, यावरून करावी लागेल.

'अशा ग्रंथात बोलीचा जिवंतपणा कोठून येणार?' असा आक्षेप घेतला जाईल. त्यास उत्तर असे, की लोडर, सरदार, टिंबरमन, हॉलेज हे खाणीतील शब्द, किंवा मोल्डिंग, कोअर, फेटलिंग हे ओतशाळेतील शब्द, बोलीच्या उच्चाराने आणि बोलीच्या प्रत्ययांनीच घरात बोलले जातात. ते परके दिसतात म्हणून भाषाभ्यासकाने त्यांच्याकडे पाठ फिरविली, तर गुऱ्हाळाच्या शब्दांची सूची पूर्ण होईल आणि भट्टीच्या शब्दांची कधीच होणार नाही. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत, ती माणसे सेवानिवृत्त होत आहेत. मोरेलच्या मुलांनी वाती वळताना बापाजवळ बसून जे मिळविले, ते आजच्या मुलाला आणि आजच्या संशोधकाला मुद्दाम विचारूनच मिळवावे लागेल.