पावसावरची पैज आणि राज्याचा कायदा : भाकीत-बाजाराच्या संदर्भात 1887 च्या जुगार प्रतिबंध अधिनियमाची चिकित्सा

प्रस्तुत लेखात ‘भाकीत-बाजार’ या व्यवहाराकडे महाराष्ट्राचा कायदा कोणत्या दृष्टीने पाहतो, याची चिकित्सा करावयाची आहे. अमुक पक्ष निवडणूक जिंकेल काय, अमुक तारखेपर्यंत पाऊस पडेल काय, अशा प्रश्नावर ‘होय’ किंवा ‘नाही’ असा करार विकत घ्यावयाचा; अंदाज खरा ठरला तर ठरलेली रक्कम मिळते, चुकला तर काहीच नाही. कराराची बदलती किंमत म्हणजे त्या घटनेच्या संभाव्यतेचा सामूहिक अंदाज होय, असे समर्थकांचे म्हणणे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने 1988 पासून असा बाजार संशोधनासाठी चालविला. आपल्याकडे तो ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या नावाने मोबाईलवर आला.

नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत पावसाचा सट्टा जोरात होता. 1887 चा जुगार प्रतिबंध अधिनियम झाला तेव्हा तो या सट्ट्याला लागू पडेल अशी अपेक्षा होती. परंतु 1889 मध्ये नरोत्तमदास मोतीराम खटल्यात पावसावरील पैज म्हणजे ‘जुगार’ नव्हे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने दिला आणि 1890 मध्ये दुरुस्ती करून पैज लावणेही जुगाराच्या व्याख्येत घ्यावे लागले. आजच्या भाकीत-बाजाराचा पहिला कायदेशीर वाद अशा रीतीने आपल्या प्रांतात सव्वाशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे.

या अधिनियमाचे कलम 3 बारकाईने वाचण्यासारखे आहे. कापूस, अफू वा अन्य मालाचा भाव, त्या भावातील अंक, शेअरची किंमत, पाऊस ‘किंवा अन्य नैसर्गिक घटना’, पावसाचे प्रमाण, पत्त्यांवरील अंक, अशी ही यादी म्हणजे जुन्या मुंबईच्या बाजारपेठेची नोंदवहीच वाटते. या विषयांवर जुगार चालणारी कोणतीही जागा आपोआप जुगाराचा अड्डा ठरते. यादीबाहेरच्या जुगारात मात्र अड्डा चालविणाऱ्याचा नफाही सिद्ध करावा लागतो. म्हणजे पावसावरील भाकीत-बाजार सहज कचाट्यात सापडतो. या भेदामागे कोणतेही तत्त्व नाही. ज्या काळी जो सट्टा डोळ्यांवर आला तो यादीत गेला, इतकेच. आणि ‘जागा’ म्हणजे काय? तंबू, आवार, वाहन, जहाज. खिशातील मोबाईलला येथे स्थान नाही. जिल्ह्यातील वृत्तपत्रांत कलम 12 प्रमाणे गुन्हा दाखल झाल्याच्या बातम्या येतात, त्या बहुधा उघड्यावर पत्ते खेळणाऱ्यांच्या वा आकडा लिहिणाऱ्यांच्या असतात.

कलम 13 केवळ कौशल्याच्या खेळांना या कायद्यातून वगळते. भाकीत-बाजार चालविणाऱ्यांनी याच तर्काचा आधार घेतला. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘कौशल्य की नशीब’ हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. कौशल्य तर मटक्याचा आकडा काढणाऱ्यालाही आपल्यात दिसते! खरा प्रश्न असा, की घटनेची जोखीम त्या माणसाच्या आयुष्यात पैजेपूर्वी होती काय?

बोदवडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हा भेद स्पष्ट दिसतो. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी भेंडवळच्या घटमांडणीचे भाकीत ऐकून घरी परतणारा शेतकरी त्यावर पैसा लावत नाही, बियाणे लावतो; पैजच ती, पण तीवाचून त्याला गत्यंतर नाही. जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकाचा हवामानाधारित पीक विमा घ्या. हवामान केंद्रातील तापमान वा वाऱ्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की भरपाई देय होते. रूपाने हा ‘होय-नाही’ करारच आहे. त्याला जुगारापासून वेगळे करते ती शेतात उभी असलेली बाग. याउलट 1950 च्या दशकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या अंकांवर मुंबईत आकडा लावणाऱ्याच्या घरी कापसाचे बोंडही नव्हते. ही कसोटी विमाकायद्यात ‘विमायोग्य हित’ म्हणून रूढ आहे. जुगारविषयक कायद्यात ती आली नाही, हे त्याचे मोठे वैगुण्य होय.

राज्याजवळ साधने नव्हती असेही नाही. पैज व जुगार हा विषय राज्यसूचीतील 34 वी नोंद आहे. 1957 च्या चमारबागवाला खटल्यात बंगळूरहून निघणाऱ्या वृत्तपत्रातील बक्षीस स्पर्धेवर मुंबई राज्याने बसविलेला कर सर्वोच्च न्यायालयाने वैध मानला, कारण स्पर्धक आणि त्यांचे पैसे या राज्यातले होते. परराज्यातून मोबाईलवर येणाऱ्या बाजारालाही हे सूत्र लावता आले असते. तेलंगणाने 2017 मध्ये व तामिळनाडूने 2022 मध्ये ऑनलाइन जुगारावर कायदे केले. महाराष्ट्राने 2023 मध्ये काय केले, तर 1976 पासून कधीच अंमलात न आलेला कॅसिनो कायदा रद्द केला.

एप्रिल 2025 मध्ये ‘सेबी’ने ओपिनियन ट्रेडिंग आपल्या नियमनकक्षेबाहेर असल्याचे जाहीर केले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा संमत करून कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली. त्यास आव्हान देणाऱ्या याचिका सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. या कायद्याने जुना वाद एका फटक्यात मिटविला, पण जोखीम कोणाची हा प्रश्न त्यानेही विचारला नाही. विशेष म्हणजे जून 2025 मध्येच ‘एनसीडीईएक्स’ने पावसावर आधारित वायदे आणण्यासाठी हवामान खात्याशी करार केला. हे वायदे केंद्रीय कायद्याखाली येतील. तरीही 1887 च्या यादीतील ‘पावसाचे प्रमाण’ हे शब्द तसेच राहतील.

भारतीय करार अधिनियमाच्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक असतो. 1959 च्या घेरुलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निरर्थक असला तरी बेकायदेशीर नव्हे, असे म्हटले. परंतु जुन्या मुंबई प्रांतात 1865 च्या कायद्यामुळे पैजेला पूरक असे करारही निरर्थक आहेत. अडकलेल्या पैशासाठी बोदवडच्या तरुणाला दिवाणी न्यायालयात दाद मागता येत नाही, आणि दलालाशी केलेल्या वेगळ्या करारावर दावा लावण्याचा मार्गही त्याला बंदच आहे.